आधी सोडवून दाखवावं की आधी सोडवायला द्यावं? (आठवीची शाब्दिक समीकरणं)

‘दोन गाड्यांत मिळून केळीचे २४० घड भरले. मोठ्या गाडीत छोटीच्या दुप्पट. छोट्या गाडीत किती?’

रावेर-यावलच्या पोराला केळीची गाडी नवी नाही, पण समीकरण नवं आहे. एकूण किती, दुप्पट कोणाची, क्ष कशाला मानायचं, विचारलंय काय, हे चारही एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली कार्यरत स्मृतीची, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून काम करता येतं त्या जागेची, मर्यादा सुमारे चार गोष्टींची सांगितली. म्हणजे ती इथंच भरली. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचा छापील मराठीतला एखादा शब्द अडला, की आधीचं काहीतरी निसटतं.

आधी सोडवायला दिलं तर नवशिकं मूल उत्तराच्या मागे लागतं. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ साली दाखवलं ते हेच: सगळी ताकद उत्तर शोधण्यात जाते आणि रीत मनात बसायला काही उरत नाही. म्हणून ८० हे उत्तर बरोबर येऊनही पुढचं उदाहरण अडतं.

आधी सोडवून दाखवलं तर लक्ष रचनेकडे जातं. पाच ओळी लिहा: छोटी = क्ष; मोठी = २क्ष; क्ष + २क्ष = २४०; ३क्ष = २४०; क्ष = ८०. लगेच त्याच धाटणीचं एक मुलांना द्या. पुढच्या उदाहरणात शेवटची ओळ गाळा, त्यापुढच्यात शेवटच्या दोन, असं करत नुसता प्रश्न उरेपर्यंत जा.

ही रीत फसते ती मुलं न वाचता उतरवून घेतात तेव्हा. त्यावर उपाय म्हणजे ‘२क्ष कुठून आलं?’ हे प्रत्येकाकडून एका वाक्यात लिहून घेणं. प्रश्न एका पानावर आणि उत्तर पाठीमागे असलं तरी घोटाळा होतो, कारण पान उलटेपर्यंत आकडे विसरतात. दोन्ही एकाच पानावर, शेजारी-शेजारी हवेत.

सातपुड्यातल्या एकशिक्षकी वर्गांना तर आम्ही हीच रीत सुचवू. गुरुजी दुसऱ्या इयत्तेकडे वळले तरी कागद शिकवत राहतो. तयारीला मात्र वेळ लागतो.

पण याच रीतीत अडकून राहू नका. रीत बसलेल्या मुलाला सोडवलेलं उदाहरण ओझं होतं, कारण माहीत असलेलंच त्याला पुन्हा वाचावं लागतं. कल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हा उलटा परिणाम मांडला. अशा मुलांना थेट प्रश्नच द्यावेत.

कोण कुठं आहे हे दोन मिनिटांत कळतं. तीन प्रश्न द्या आणि प्रत्येकाची फक्त समीकरणाची ओळ (वरच्या ‘क्ष + २क्ष = २४०’ सारखी) लिहायला सांगा. तिन्ही बरोबर आल्या तर सोडवायला द्या. एक-दोन बरोबर असतील तर गाळलेल्या ओळींची उदाहरणं. एकही नसेल तर पूर्ण सोडवलेलं. पुढे सोडवताना समीकरणाची ओळ बरोबर आणि उत्तर चूक असेल, तर त्या मुलाला समीकरण मांडता आलेलं आहे. त्याचे पाढे तपासा.