रिपोर्ट कार्ड झकास, ओपन डे मात्र घाईघाईत

मुलगी नववीला, शाळा नाशिकला इंदिरानगरकडची, नाव नको. वर्षाचा रिपोर्ट द्यायची पद्धत मात्र आवडली बुवा. आठवीपर्यंत नुसतं अ-1, ब-2 यायचं, त्यातून घरच्यांना काय कळणार, आता लेखी 80 आणि अंतर्गत 20 वेगवेगळे दाखवलेत त्यामुळे कळलं की मराठीत अंतर्गतला भरभरून दिलेत आणि खरी बोंब लेखीत आहे. गणिताचे भाग 1 (बीजगणित) आणि भाग 2 (भूमिती) पण सेपरेट, भूमितीची गडबड लगेच दिसली. पेपर पण बघायला देतात. शेरा मात्र सगळ्यांना सेम, 'प्रगती समाधानकारक', कॉपी पेस्ट! आणि ओपन डेला मॅडमसमोर धड बसायला पण मिळत नाही, सातपूरला कंपनीत हाफ डे टाकून आलेल्या माणसाने विचारायचं कधी? तीन स्टार.