मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या घरी: दिवाळी ते मृग, माझा अनुभव

दिवाळीच्या आधीपासून मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्त्या घरीच ओततेय. आता मृग तोंडावर आलाय, म्हणजे परभणीची थंडी आणि मे महिना दोन्ही या मेणाने पाहिले. लाईट गेली की आमच्याकडे हीच पेटते. बाजारातल्या साध्या, पॅराफिन मेणाच्या मेणबत्तीपेक्षा महाग पडते खरी, पण सावकाश जळते आणि मधाचा मंद वास येतो. मला त्या वासासाठीच ती आवडते.

बिघडते ती बहुतेक वेळा वातीमुळे. हे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळल्यावरही दाटच असतं. बारीक वात ते वर ओढू शकत नाही. मग ज्योत मधोमध खड्डा करत खाली जाते, कडेचं मेण तसंच उभं राहतं आणि शेवटी ज्योत वितळलेल्या मेणात बुडून विझते. पॅराफिनला लावतो त्यापेक्षा जाड, वेणीसारखी विणलेली सुती वात घ्या. फारच जाड झाली तर ज्योत उंच होऊन काजळी धरते. म्हणून आपल्या साच्यात दोन-तीन जाडीच्या वाती लावून, जाळूनच ठरवावं. पूजेची वळलेली वात तेलात उत्तम, इथे नाही. ओतण्याआधी वात वितळलेल्या मेणात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायची आणि पेटवताना ५-६ मिमी ठेवून कापायची.

वात योग्य असूनही ज्योत तडतडत असेल तर मेणात मध किंवा पोळ्यातला कचरा राहिलाय. सुती कापडातून पुन्हा गाळा. आपल्याकडे यात बोअरच्या पाण्याची भर पडते. साफ करताना जड पाण्यात मेण उकळलं की क्षारांमुळे ते करडं, भुसभुशीत होतं. आरओचं पाणी घेतल्यापासून माझ्या वड्या पिवळ्याधमक निघतात. लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यात रंग काळवंडतो, त्यामुळे स्टीलच घ्या आणि ते गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट आचेवर मेण पेटू शकतं. पेटलंच तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण टाका.

थंडीत तडे जातात, कारण बाहेरचं मेण आधी आवळतं. साचा कोमट करून घ्या, मेण ७० अंशांच्या आसपास आल्यावर ओता, पंखा बंद ठेवा आणि वर टॉवेल गुंडाळा. थोडं मेण राखून ठेवा, वातीजवळ खळगा पडला तर तिथे पुन्हा ओतता येतं. काही आठवड्यांनी वर पांढुरकी पूड दिसते, ती बुरशी नाही. मऊ कापडाने पुसली की जाते.

माझा सिलिकॉनचा साचा अजूनही चांगला आहे, मेणबत्ती न ओढता सुटते. उंच, सडपातळ साचे मात्र आपल्या उन्हाळ्यासाठी घेऊ नका. पत्र्याच्या खोलीत तशा मेणबत्त्या वाकतात. बुटक्या, रुंद टिकतात.