घोडा खच्ची करून घेणार असाल तर दोन्ही वृषणं मोजून घ्या

माझा घोडा तांबू आज धडधाकट आहे, म्हणूनच हे लिहायला हात धजावतो. आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून थोडं आत. शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून घोडेमोडणी खेळणारा हा मुलूख, पण दारात जिता घोडा बांधलेलं घर आमच्या वाड्यावर आमचंच पहिलं. गाई-म्हशींचं दुखणं चार शेजाऱ्यांना कळतं. घोड्याचं कुणालाच कळत नाही. मला लुबाडणारा नेमका ह्याच फटीतून आत आला.

सारंगखेड्याच्या यात्रेतून दत्तजयंतीला तांबूला आणला तेव्हा तो दीड वर्षाचं शिंगरू होता. चोर्ला घाट उतरताना टेम्पोत रात्रभर मी त्याच्या मानेवर हात ठेवून उभा होतो. वर्षभरात तो अंगाने भरला आणि चावायला लागला. पलीकडच्या बागायतीत एक घोडी आली, तेव्हापासून दावं तोडून पळायचा. पुतण्याला त्याने एकदा भिंतीशी दाबून धरलं, त्या दिवशी ठरवलं की आता खच्ची करून घ्यायचा.

ओळखीच्या ओळखीतून एक नंबर मिळाला. ‘रेसकोर्सवर पंधरा वर्षं काढलेले डॉक्टर आहेत.’ फोनवर इतका गोड बोलला की मी नोंदणी वगैरे काही विचारलंच नाही. ऑपरेशन, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि आठवडाभराचं ड्रेसिंग मिळून अठरा हजार, तेही रोख. पावती ‘नंतर पाठवतो’ म्हणाला.

फेब्रुवारीत, काजूला मोहर होता तेव्हा, तो आला. गुंगी देऊन तांबूला फणसाखाली आडवा केला. मला म्हणाला, “भाऊ, तुम्ही डोकं धरा, मागे येऊ नका, लाथ बसेल.” मी टॉवेलने तांबूचे डोळे झाकून बसलो. एक बाजू पाच-सात मिनिटांत झाली. दुसऱ्या बाजूला तो बराच वेळ काहीतरी चाचपत होता, घाम पुसत होता. मग म्हणाला, “झालं.” बादलीवर गोणपाट टाकून स्वतःच मागे गेला, खड्डा खणून पुरून आला. “रक्ताच्या वासाने कुत्री येतात.” केवढा काळजीचा माणूस, असं मला तेव्हा वाटलं.

जाताना सांगून गेला, दहा दिवस बांधून ठेवा, हलला तर टाके सुटतील. मी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी खाली शहाळ्याएवढी सूज. तो पुन्हा आला, ‘सूज उतरवायचं खास इंजेक्शन’ देऊन तीन हजार घेऊन गेला. पाचव्या दिवशी तांबूने दाण्याला तोंड लावलं नाही. मागचे पाय फाकवून एकाच जागी उभा. फोन लावला तर बंद. आजतागायत बंदच आहे.

सहाव्या दिवशी सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. आधी ताप पाहिला. १०३ च्या वर. घोड्याचा साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरेनहाइट असतो, हेही मला त्या दिवशी कळलं. मग वाकून जखम पाहिली आणि विचारलं, “कातडीला टाके कुणी घातले?”

गोठ्यात उभ्या-उभ्या केलेल्या किंवा अशा अंगणातल्या ऑपरेशनात खालची जखम मुद्दाम उघडी ठेवतात, आत साचणारं पाणी-रक्त गळून जावं म्हणून. ती आतून बाहेर भरत येते, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. टाके घालून बंद करायची तर शस्त्रक्रियागृहाची स्वच्छता लागते. फणसाखालच्या मातीत ती कुठून येणार? बाईंनी टाके कापले, हातमोजा घालून बोट आत फिरवलं, आणि पिवळा पू धारेने जमिनीवर पडला. तांबूने एक लांब श्वास सोडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग त्यांनी विचारलं, “धनुर्वाताचं दिलंय का? बाटली दाखवा.” पुतण्या फणसामागच्या गवतात शोधून आला. दोन रिकाम्या बाटल्या मिळाल्या. एक गुंगीच्या औषधाची आणि एक बी-कॉम्प्लेक्सची. तिसरी नव्हतीच. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत ह्या रोगाला घोड्याइतकं सहज दुसरं कुठलंच बळी पडत नाही. तांबूला आधी लसही टोचलेली नव्हती. धनुर्वात रोखणारं ते औषध घोड्याच्याच रक्तातून तयार करतात, आणि माझ्या घोड्याला त्याच्याऐवजी जीवनसत्त्वाचं पाणी टोचलं होतं. पैशांचं मी एक वेळ विसरेन, हे विसरणार नाही.

बाईंनी त्याच दिवशी त्या औषधाचे १५०० युनिट दिले, दुसऱ्या जागी लसही टोचली. पण उशीर झाला होता आणि लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस मी रोज रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जायचो. त्याच्या तोंडासमोर हात झटकन हलवायचा आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा आडवा सरकतो का ते पाहायचं. सरकला, जबडा घट्ट झाला, शेपूट ताठ उभी राहिली, तर समजायचं. एकविसाव्या रात्रीही पडदा सरकला नाही. आईने दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीला नारळ दिला.

शुश्रूषाही बाईंनी मला पुन्हा पहिल्यापासून शिकवली. दहा दिवस बांधून ठेवा हा सल्लाच घातक होता. पहिला दिवस तेवढी विश्रांती, गुंगी उतरून रक्त गोठेपर्यंत. थेंब-थेंब गळणं चालतं, थेंब मोजता येईनात अशी धार पंधरा-वीस मिनिटं चालू राहिली किंवा जखमेतून आतडं वा दुसरं काही लोंबताना दिसलं तर तसाच डॉक्टरला फोन. दुसऱ्या दिवसापासून हातात धरून चालवायचा, मग दुडकी, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. चालण्यानेच जखम वाहती राहते आणि सूज उतरते. थोडी सूज सगळ्यांनाच येते, चौथ्या-पाचव्या दिवशी ती सगळ्यात जास्त दिसते, मग ओसरते. पाईपच्या गार पाण्याची हलकी धार दहा मिनिटं. माश्या बसू नयेत म्हणून लावायचं मलम जखमेच्या कडेने, आत नाही. ताप दोन वेळा वहीत लिहायचा. तांबूला पहिल्यांदा चालवला तेव्हा दहा पावलांतच त्याच्या मांडीवरून पाणी ओघळलं. मी घाबरलो, बाई म्हणाल्या, “हेच हवंय. चालवत राहा.”

दहा दिवसांत सूज गेली, तीन आठवड्यांत जखम भरली. पण घोडीचा वास आला की तांबू तसाच पिसाळायचा. खच्ची केल्यावरही जुन्या सवयी सुटायला काही आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून आम्ही थांबलो. मे उजाडला तरी फरक नाही. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. नराचं हार्मोन भरपूर निघालं. सोनोग्राफीत दुसरं वृषण पोटात दिसलं.

ते कधी खाली उतरलंच नव्हतं. त्या माणसाला ते सापडलं नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून बादली झाकली, म्हणून खड्डा स्वतः खणला. बाई म्हणाल्या, भूल देण्याआधी दोन्ही हाताला लागतात का ते चाचपायचं असतं. एकच लागलं तर चाकू लावायचाच नाही, जनावर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. खालचं एकटं काढलं तर घोडा बाहेरून खच्ची दिसतो आणि आतून तसाच राहतो. असा घोडा पुढे विकला असता तर नकळत मीही कुणाला फसवलं असतं.

पोलिसांत अर्ज दिला आहे. नाव खोटं, पावती नाही, पैसे रोख. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा आहे, त्याप्रमाणे नोंदणी असलेल्यालाच पशुवैद्य म्हणून काम करता येतं, आणि ही नोंदणी राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत विचारून खात्री करता येते. मी एक फोन केला असता तर तांबूच्या अंगाला चाकू दोनदा लागला नसता.

दुसरं ऑपरेशन पावसाळा सरल्यावर, राज्याबाहेर, मोठ्या जनावरांचं शस्त्रक्रियागृह असलेल्या ठिकाणी झालं. खर्च पहिल्याच्या कितीतरी पट. मी काचेबाहेर उभा होतो. दीड तासाने सर्जन स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आले. त्यात एक लहान, मऊ, फिकट गोळा होता. म्हणाले, “नीट बघून घ्या, फोटो काढा, मग इथे सही करा.” मी फोटो काढला. शिक्क्याखालचा नोंदणी क्रमांक वहीत, तापाच्या नोंदींच्या पानावर उतरवून घेतला आणि सही केली.