डिस्टन्सची वर्षभराची बॅच: पोरगी पळतेय झकास, पण त्या स्पाइक्सचं काय?

लेक नववीत आहे, साताऱ्यात गेल्या जूनपासून मिडल-लाँग डिस्टन्स पळण्याच्या बॅचला जाते, 1500 आणि 3000 मीटर. फी वर्षाची, एकरकमी. तालुका-जिल्हा-विभाग ही शालेय स्पर्धांची भानगड घरात खेळाडू असणाऱ्यांना सांगायला नको. क्लबचं नाव लिहीत नाही, गाव लहान आहे.

आधी स्पाइक्स, म्हणजे तळाला पिना असलेले ट्रॅकवर पळायचे शूज. जूनमध्येच हातात यादी टेकवली, रनिंग शूज, स्पाइक्स, वही, म्हटलं एकदाचं घेऊन टाकू. आणि हे लोक सप्टेंबरपर्यंत स्पाइक्स घालूच देत नाहीत! पावसाळाभर नुसतं हळू पळणं, यवतेश्वरच्या घाटात चढ, ड्रिल्स, शेवटी शंभर-शंभर मीटरचे चार-सहा स्ट्राइड्स, म्हणजे जरा वेगात पळणं, सगळं साध्या शूजवर. ऑक्टोबरात स्पाइक्स बाहेर काढले तर अंगठा पुढे टेकतोय. चौदा वर्षांच्या पोरीचा पाय वाढणारच ना, रोज पोरं बघणाऱ्यांना एवढं कळू नये? दुकानदार म्हणाला, "साहेब, बिल जूनचं आहे." अहो, पिनांना माती लागली नाहीये! "ते दिसतंय हो मला, पण कंपनी परत घेत नाही." अर्धा तास हुज्जत घातली तेव्हा पिना काढायची किल्ली फुकट दिली. किल्ली! शेवटी एका सीनियर मुलीचे जुने स्पाइक्स 600 रुपयांत घेतले.

इथपर्यंत दिवाळीत लिहून ठेवलं होतं, तेव्हा एकच स्टार देणार होतो. आता मार्च संपत आला, पुढचं लिहितो.

ते हळू पळणं. सर पळता पळता सतराचा पाढा म्हणायला लावतात, पाढा तुटला की वेग कमी करायचा, बास. घड्याळाच्या पल्सवर त्यांचा भरवसा नाही, मनगटावरचा सेन्सर कधीकधी पावलांचाच आकडा पल्स म्हणून दाखवतो. जुनीच पद्धत आहे म्हणा, न्यूझीलंडचे कोच लिडियार्ड हेच करून घ्यायचे, आधी महिनोन्‌महिने सावकाश लांब, मग चढ, मग ट्रॅक, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकला त्यांच्या स्नेलने 800 आणि हॅलबर्गने 5000 एकाच दिवशी जिंकली. ते मोठ्या माणसांना आठवड्याला 160 किलोमीटर पळवायचे, आमच्याकडे पोरांना त्याच्या पाव भागही नाही आणि ते बरंच आहे. फरक कुठे दिसला तर जिल्ह्याला, 1500 च्या शेवटच्या तीनशेत बाकीच्या मुली खांदे वर चढवून हातानेच पळायला लागल्या आणि आमची बाई दोघींना मागे टाकून तिसरी. ओरडून माझा घसा बसला.

आणखी एक, 10 किलोमीटरच्या रोड रेसला सर मुलांना सोडत नाहीत, रोख बक्षीस असलं तरी. पालक भांडतात, म्हणे माणची ललिता बाबर मॅरेथॉन जिंकूनच पुढे आली ना. आली, पण मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत जिंकली तेव्हा ती विशी ओलांडलेली होती, आणि 2016 ला रिओत फायनल पळली ती स्टीपलचेसची, म्हणजे ट्रॅकवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची. इथे मी सरांच्या बाजूने.

डिसेंबरात लेक उगाच दमायला लागली तर सरांनी डॉक्टरकडे पाठवून फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, करायला लावलं. हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन कमी. पाळी सुरू झालेल्या, पळणाऱ्या मुलींच्या आयांनी हे लक्षात ठेवा, नुसत्या हिमोग्लोबिनवर जाऊ नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आता गाडी रुळावर आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी दोन स्टार वाढवले.

परीक्षेमुळे फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीनच दिवस बॅच, फी मात्र पूर्ण. पुढच्या वर्षी वर हजार रुपये वाढवलेत. भरणार आहे. स्पाइक्स मात्र ऑक्टोबरच्या आधी घेणार नाही, यादीत पहिल्या नंबरवर लिहिले तरी.