टी-पेशींच्या गॅमा जनुकांसाठीचा डीएनए प्रोब संच : एक परीक्षण

मानवी टी-पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींच्या) ग्राहीतील गॅमा साखळीची जनुके सदर्न ब्लॉटवर (कापलेला डीएनए जेलवर लांबीनुसार वेगळा करून मेम्ब्रेनवर उतरवण्याच्या पद्धतीत) तपासण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत जो प्रोब संच वापरला जातो, त्याविषयी हे परीक्षण आहे. प्रोब म्हणजे ठरावीक जनुक शोधून दाखवणारा, लेबल लावलेला डीएनएचा तुकडा. संचात तीन प्रोब येतात. पहिला जे-गॅमा-1 आणि जे-गॅमा-2 यांना मिळून असलेला, दुसरा जे-गॅमा-पी आणि तिसरा सी-गॅमा (व्ही, डी, जे आणि सी ही ग्राहीच्या जनुकांतील तुकड्यांची नावे आहेत). तिन्ही प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूंतील छोट्या वर्तुळाकार डीएनएमध्ये) बसवलेले असतात. ते जिवाणूंमध्ये वाढवून, आतला तुकडा एन्झाइमने कापून आणि जेलमधून शुद्ध करून मगच वापरायचे असतात. यातल्या पहिल्या प्रोबसाठी हा संच अवश्य घ्यावा, दुसरा मोजक्या प्रसंगी कामाला येतो आणि तिसऱ्याचा रोगनिदानाच्या कामात फारसा उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताचे कारण जनुकांच्या मांडणीतच आहे. गॅमा जनुकांचा पट्टा 7व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर सुमारे 160 किलोबेस (1,60,000 बेस-जोड्या) लांबीत सामावलेला आहे. त्यात व्ही जनुके डझनभरच आहेत आणि त्यांतलीही सगळी कार्यक्षम नाहीत; डी जनुके तर मुळीच नाहीत. त्यानंतर जनुकांचे दोन गट एकापाठोपाठ येतात: पहिल्या गटात जे-पी-1, जे-पी आणि जे-1 हे तीन तुकडे आणि सी-1 जनुक, तर दुसऱ्यात जे-पी-2 आणि जे-2 हे दोन तुकडे आणि सी-2 जनुक. उंदरातील गॅमा जनुक टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने 1984 मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी लफ्रांक आणि रॅबिट्स यांनी मानवातील ही दुहेरी मांडणी दाखवून दिली. जे-1 आणि जे-2 यांच्या भोवतालचा डीएनए एकमेकांशी इतका जुळतो की एकाच प्रोबने दोन्ही ठिकाणची पुनर्रचना (टी-पेशी घडताना व्ही आणि जे तुकड्यांची होणारी जोडणी) पकडता येते, आणि पहिल्या प्रोबची सारी उपयुक्तता या एका गोष्टीवर उभी आहे.

प्रत्यक्ष वापरात हा प्रोब समाधानकारक आहे. रँडम प्रायमिंग या पद्धतीने त्याचे लेबलिंग सहज होते, 65 अंश सेल्सिअसला केलेले हायब्रिडायझेशन (प्रोब नमुन्यातील डीएनएला जोडणे) आणि शेवटची 0.1 एसएससी या मीठद्रावणाची कडक धुलाई त्याला मानवते, आणि मेम्ब्रेनची पार्श्वभूमी स्वच्छ राहते. किरणोत्सारी फॉस्फरस-32 वापरले तर फिल्मवर बँड सर्वांत ठसठशीत येतात. मात्र त्याचा अर्धायुष्यकाल 14.3 दिवसांचाच असल्याने लेबल केलेला प्रोब साठवून ठेवता येत नाही, शिवाय आपल्याकडे त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि वेगळी खोली लागते. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी डिगॉक्सिजेनिन या किरणोत्सारी नसलेल्या पदार्थाने लेबलिंग करावे. बँड थोडे फिके येतात, पण तेच हायब्रिडायझेशन द्रावण गोठवून पुन्हा वापरता येते, आणि रुग्णांचे नमुने अधूनमधून येणाऱ्या प्रयोगशाळेला ही सोय मोठी आहे.

खरी कसोटी ब्लॉट वाचताना लागते. बीटा जनुकांच्या (ग्राहीच्या दुसऱ्या एका साखळीच्या जनुकांच्या) ब्लॉटची सवय असलेल्या माणसाला गॅमाचा ब्लॉट पहिल्यांदा पाहिल्यावर प्रत्येक नमुना क्लोनल (एकाच पेशीपासून वाढलेल्या पेशींचा) वाटण्याचा धोका असतो. बीटा जनुकांत व्ही, डी आणि जे यांचे इतके मेळ होतात की निरोगी माणसाच्या रक्तातील पुनर्रचित तुकडे लेनभर विखुरतात आणि वेगळा बँड दिसत नाही. गॅमामध्ये मुळातच मेळ थोडे. त्यामुळे इको-आर-वन किंवा हिंद-थ्री या एन्झाइमने कापलेल्या निरोगी रक्ताच्या डीएनएतही मूळ (पुनर्रचना न झालेल्या डीएनएच्या) बँडच्या वर-खाली ठरावीक उंचीवर फिकट रेघा उमटतात. त्या हजारो वेगवेगळ्या पेशींच्या असतात, परंतु एकाच व्ही-जे जोडीमुळे त्यांच्या तुकड्यांची लांबी सारखी येते. म्हणून प्रत्येक जेलवर तीन तुलनात्मक लेन हव्यातच: पुनर्रचना न झालेला नमुना म्हणून वारेचा (प्लासेंटाचा) डीएनए, बहुक्लोनल (अनेक वेगवेगळ्या पेशींचा) नमुना म्हणून निरोगी रक्ताचा डीएनए आणि पुनर्रचनेची खात्री असलेली जुरकॅटसारखी पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवलेल्या पेशी). रुग्णाच्या लेनमधला बँड निरोगी रक्ताच्या रेघेच्याच उंचीवर असेल, तर तो तिच्याहून निश्चितपणे गडद असल्याशिवाय आणि दुसऱ्या एन्झाइमनेही तसाच निकाल आल्याशिवाय त्याला क्लोनल म्हणू नये. संचासोबतच्या माहितीपत्रकात वारेच्या डीएनएचे बँड दिले आहेत, पण निरोगी रक्ताचा ब्लॉट छापलेला नाही, आणि नवख्या माणसाला सर्वांत जास्त गरज त्याचीच असते. पुरवठादाराने ही उणीव दूर करायला हवी.

माणसामाणसांतल्या फरकाचाही विचार करावा लागतो. काही व्यक्तींमध्ये व्ही-4 आणि व्ही-5 ही जनुके नसतातच, तर सी-2 जनुकातील दुसरा एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेला भाग) कोणात दोनदा आणि कोणात तीनदा येतो. हे जन्मजात फरक आहेत, रोगाशी त्यांचा संबंध नाही. तरीही सी-गॅमा प्रोबने केलेल्या ब्लॉटवर अनपेक्षित बँड दिसला की त्याला पुनर्रचना समजण्याचा मोह होतो. त्यातच सी जनुक जे तुकड्यांपासून दूर असल्यामुळे नेहमीच्या एन्झाइमांनी कापल्यावर पुनर्रचित तुकडा सी-गॅमा प्रोबच्या टप्प्यात सहसा येत नाही. लोकसमूहांतील जनुकीय वैविध्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा प्रोब मोलाचा आहे. लिम्फोमाच्या (लसीका पेशींच्या कर्करोगाच्या) निदानासाठी मात्र तो संचात नसता तरी चालले असते.

जे-गॅमा-पी प्रोबची गोष्ट वेगळी आहे. प्रौढांच्या रक्तातील गॅमा-डेल्टा पेशींमध्ये (ग्राहीत गॅमा आणि डेल्टा साखळ्या असलेल्या टी-पेशींमध्ये) व्ही-9 आणि जे-पी यांची जोडी फार मोठ्या प्रमाणावर आढळते, म्हणून अशा पेशींची वाढ झालेली असताना हा प्रोब लावून पाहणे योग्य ठरते. मात्र त्यावर दिसणारा बँड निरोगी प्रतिसादाचाही असू शकतो, हे अहवालात लिहायला विसरू नये.

पीसीआरच्या (डीएनएच्या असंख्य प्रती करून तपासण्याच्या पद्धतीच्या) काळात हे सारे कशासाठी करायचे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो रास्तही आहे. सदर्न ब्लॉटला प्रत्येक एन्झाइममागे सुमारे 10 मायक्रोग्रॅम अखंड डीएनए लागतो, निकालाला आठवडा जातो आणि नमुन्यातील क्लोनल पेशी साधारण 5 टक्क्यांहून कमी असल्या तर त्या दिसत नाहीत. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या, पॅराफिनमधल्या ऊतीतला डीएनए तुटलेला असल्याने तिथे हा प्रोब चालतच नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायोमेड-2 या पीसीआर पद्धतीत गॅमा जनुकांसाठी दोनच नळ्या पुरतात आणि सुमारे 100 नॅनोग्रॅम डीएनएवर काम भागते. रोजच्या निदानासाठी मीही पीसीआरच सुचवतो.

तरीही प्रोबचे स्थान टिकून आहे. पीसीआरमध्ये नमुन्यातील टी-पेशी मोजक्याच असतील, तर त्यांतली दोन-चार जनुके योगायोगाने वाढून निकालाच्या आलेखात क्लोन असल्याचे भासवणारे खोटे शिखर तयार होते. ब्लॉटमध्ये काहीच वाढवले जात नाही, म्हणून बँडची गडदता नमुन्यातील पेशींच्या प्रमाणाशी जुळते. शंकास्पद शिखराची शहानिशा करायची असेल आणि ताजी किंवा गोठवलेली ऊती हाती असेल, तर या प्रोबने मिळणारा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो.

या प्रोबकडून नको ती अपेक्षा मात्र ठेवू नये. गॅमा जनुकांची पुनर्रचना थायमसमध्ये (टी-पेशी जिथे परिपक्व होतात त्या ग्रंथीत) फार लवकर होते आणि अल्फा-बीटा ग्राही असलेल्या बहुतेक पेशींतही ती झालेली असते. त्यामुळे पुनर्रचित बँड दिसला म्हणून पेशी गॅमा-डेल्टा प्रकारची ठरत नाही. इतकेच नव्हे, तर पूर्वगामी बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियातही निम्म्याहून अधिक रुग्णांत ही पुनर्रचना सापडते, म्हणजे एकट्या या प्रोबवरून रोग टी-पेशींचा आहे असेही म्हणता येत नाही. क्लोन आहे की नाही एवढेच तो सांगतो.

खरेदी करताना एकाच प्रोबपुरता निधी असेल तर आधी बीटाचा घ्यावा. अपरिपक्व टी-पेशींचे ल्युकेमिया नियमित येत असतील, जिथे बीटा अजून मूळ स्थितीत असून गॅमा बदललेले असू शकते, तर जे-गॅमा प्रोब सोबत घ्यावा. तो मागवताना प्लाझ्मिडमधील तुकड्याची नेमकी लांबी आणि दोन्ही टोकांची कापण्याची ठिकाणे लेखी मागून घ्यावीत, आणि हाती आल्यावर पहिले वाढवणे झाले की लगेच ती ठिकाणे जेलवर पडताळून पाहावीत.