ज्युलियन ऑफ नॉरिच : घ्यायची तर दोन्ही पाठांची प्रत

ज्युलियन ही चौदाव्या शतकातली इंग्लंडमधली ख्रिस्ती साधिका. तिच्या ‘रेव्हिलेशन्स ऑफ डिव्हाइन लव्ह’चा एलिझाबेथ स्पिअरिंग यांनी केलेला आधुनिक इंग्रजी अनुवाद (पेंग्विन क्लासिक्स, १९९८) घेण्याजोगा आहे, कारण यात ज्युलियनचे दोन्ही पाठ, म्हणजे एकाच अनुभवावर तिने लिहिलेली दोन रूपं, एकत्र आहेत : २५ प्रकरणांचा छोटा आणि ८६ प्रकरणांचा मोठा. नुसत्या मोठ्या पाठाची स्वस्त प्रत घेतलीत तर तिचा विचार कसा बदलत गेला, हे कळायचं नाही.

मे १३७३. तिशीतली ज्युलियन मरणाच्या दारात, मरणापूर्वीचे ख्रिस्ती संस्कारही झालेले, धर्मगुरूने डोळ्यांपुढे क्रूस धरलेला. तेव्हा तिला सोळा दर्शनं झाली. छोटा पाठ या अनुभवाला धरून चालतो. मोठ्यात पुढच्या चिंतनाची भर आहे. ५१व्या प्रकरणातला धनी आणि चाकराचा दृष्टान्त छोट्यात नाहीच. त्याचा अर्थ लागायला जवळजवळ वीस वर्षं गेली, असं ती सांगते. उलट, मी बाई आहे म्हणून देवाच्या चांगुलपणाबद्दल बोलूच नये का, हा छोट्यातला रोखठोक सवाल मोठ्यातून गळाला. (आमच्या मते छोटा पाठ त्या एका जागेसाठीही वाचावा.)

आधी छोटा पाठ सलग वाचा, मग मोठ्यातली ४५ ते ६३ ही प्रकरणं. मोठा पाठ पहिल्यापासून धरला तर १६-१७ला दमछाक होते; क्रूसावरचा देह सुकत जातो त्याचं वर्णन फार लांबतं. ४५पासून खरा पेच सुरू होतो : देवाच्या ठायी राग दिसत नाही, मग चर्च पाप्याला दोषी का धरतं? ५०मध्ये ती अगदी काकुळतीला येते. ५१मध्ये चाकर धन्याच्या कामासाठी प्रेमाने धावत सुटतो, खड्ड्यात पडतो, आणि धनी त्याला बोल लावत नाही. हा चाकर आदम (बायबलमधला पहिला माणूस) आहे आणि ख्रिस्तही. हे पक्कं झाल्याशिवाय ‘येशू आमची आई’ या प्रकरणांकडे वळू नका. विठूला माउली म्हणणारा वाचक तिथे चटकन मान डोलावेल, पण ज्युलियनचं हे आईपण त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तात घट्ट रोवलेलं आहे.

‘सर्व काही ठीक होईल’ हे कपांवर छापलं जाणारं वाक्य २७व्या प्रकरणातलं. २९ आणि ३२ सोबत वाचा. पापामुळे एवढं नुकसान झालं असताना ठीक कसं होणार, म्हणून ती देवाशीच वाद घालते.

मूळ मध्ययुगीन इंग्रजी मात्र इथे नाही. बॅरी विंडिअट यांच्या ऑक्सफर्ड अनुवादातही (२०१५) दोन्ही पाठ आहेत. तो घरात असेल तर हा घ्यायची गरज नाही.