दोन तुकड्यांचा बूट, आठ महिन्यांनंतर: बूट पास, नट नापास

आमच्या पेट्रोल पंपावर जमिनीखालच्या टाकीवरच्या संपात (पाईपजोडणीचा झाकणबंद खड्डा) पाणी झिरपायचं म्हणून पाईप आत शिरतो तिथले रबरी बूट, म्हणजे पाईपभोवतीची फट बंद करणारी सीलं, बदलले, त्याला आता आठ महिने झाले. (संपात पाणी चढलं की सेन्सर सब्मर्सिबल (टाकीतून इंधन वर ढकलणारा पंप) बंद पाडतो, म्हणजे नावाप्रमाणे संपच.)

जुने बूट इंधनाच्या वाफेने फुगून भेगाळले होते. अखंड बूट घालायचा तर पाईप सोडवा किंवा कापा. हा नवा बूट दोन अर्ध्यांचा, आहे त्या पाईपवर बसतो. विक्री एकच दिवस बंद राहिली, इथेच पैसे वसूल.

पण तो खालचा नट! वरचे बोल्ट दहा मिनिटांत झाले. खालच्याला पाना शिरत नाही, नट दिसत नाही, बोटांच्या अंदाजाने फिरवायचा. तीनदा तळाच्या गाळात पडला. चुंबक सोडला, तर नट स्टेनलेसचा, चिकटतोय कशाला! बरं, रागाने जास्त आवळलं तर रबर मुडपतं आणि तिथूनच गळतं. बनवणाऱ्याने स्वतः एकदा खड्ड्यात वाकून बघावं.

नंतर चाचणी घेतली: संपात सगळ्यात वरच्या एंट्रीच्या (पाईप शिरतो त्या भोकाच्या) 4 इंच वर पाणी भरून 1 तास थांबायचं, पातळी 1/8 इंचापेक्षा कमी उतरली तर पास. पास झालो.

तिसऱ्या महिन्यात धो धो पाऊस आणि अलार्म. विक्रेत्याला फोनवर नको ते बोललो. मग संप कोरडा करून झाकणाभोवती बादलीभर पाणी ओतलं, तर धार झाकणाच्या कडेने आत. गॅस्केट जुनंच होतं. "पुसून लावा, चालतंय" असं मीच म्हणालो होतो. चाचणीचं पाणी झाकणापर्यंत पोचतच नाही, मग ती गळती सापडणार कशी? विक्रेत्याची माफी मागितली, नटाचा विषय सोडून.

नवं गॅस्केट लावल्यावर चार महिने शांतता होती. मी सगळ्यांना बुटाचं कौतुक सांगत सुटलो. परवा झाकण उघडलं तर सेन्सर केबल टायने तळापासून वीतभर वर बांधलेला. रात्रपाळीच्या पोराने, अलार्मने झोपमोड होते म्हणून! तळाशी चार बोटं पाणी, वर इंधनाचा तवंग. ते गटारात सोडता येत नाही, ड्रममध्ये भरून विल्हेवाटीला द्यावं लागलं, तो खर्च वेगळा.

पुन्हा पाणी भरून बघितलं. बूट पुन्हा पास. पाणी वायरिंगच्या कंड्युइटमधून (वायरी नेणारी नळी) येत होतं, तिथे सील भरलंच नव्हतं. ते भरलं, सेन्सर तळाला टेकवला.

उरलेल्या दोन संपांसाठी हेच बूट मागवलेत. जास्तीचे नट सोबत, आणि खाली अंथरायला फडकं.